डाव्या हाताची पेटी

कांचनताई सबनीसांनी विणकाम सोडलं तेव्हा त्यांना काहीच वाटलं नाही. चंदीगडला हिवाळ्याच्या दुपारी बायका अंगणात खाटा टाकून, पाठीवर ऊन घेत, मुळा-गाजरं खात स्वेटर विणत बसतात. एका वर्षी कांचनताईंच्या सुया टाके गाळायला लागल्या. त्यांनी अर्धा झालेला पुलोव्हर शेजारच्या सरदारणीला देऊन टाकला. "स्वेटर बाजारात मिळतो," म्हणाल्या. मग कणीक मळणं गेलं, ते काम त्यांच्या यजमानांकडे, श्रीपादरावांकडे आलं. बरण्यांची झाकणं, साडीच्या पिना, कुलपं असं एकेक हातचं सुटत गेलं आणि त्यांनी ते सुटू दिलं. पेटीची पाळी आली तेव्हा मात्र त्या अडून बसल्या.

पेटी म्हणजे हार्मोनियम, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पण पुढं जे घडलं ते या एका शब्दामुळं घडलं, म्हणून सांगते. पंजाबात पेटी म्हणजे पत्र्याची भलीमोठी ट्रंक, घरातल्या सगळ्या रजया जिच्यात मावतात ती. हार्मोनियमला इकडं 'वाजा' म्हणतात. श्रीपादराव इथल्या विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवायला आले तेव्हा कांचनताई नव्या नवरी होत्या, माहेर मिरजेचं, हिंदी शाळेपुरतं. शेजारणीला त्यांनी सांगितलं होतं, "मैं रोज सुबह पेटी बजाती हूँ." शेजारीण काळजीनं म्हणाली, "क्यों जी, ढक्कन नहीं खुलता?"

हा किस्सा त्या स्वतःच सांगायच्या, आणि दर वेळी शेजारणीचा आवाज काढून सांगायच्या.

आम्ही चंदीगडला आलो ते माझ्या यजमानांच्या बदलीमुळं. पंधरा सेक्टरात सबनीसांच्या मागच्याच गल्लीत आम्हाला घर मिळालं. माझी लीना तेव्हा लहान होती. मराठी सगळं समजायची, पण उत्तर हिंदीत द्यायची. तिच्या कानावर आपली भाषा पडावी म्हणून मी तिला कांचनताईंकडे गाणं शिकायला घातलं. पहिल्याच दिवशी लीना म्हणाली, "नमस्ते आंटी."

"आंटी म्हणालीस तर 'सा' सुद्धा शिकवणार नाही," कांचनताई म्हणाल्या. "मावशी म्हण."

"ओके, मावशी."

"ओके नाही. बरं."

तेव्हापासून ती गाणं मराठीत शिकली आणि भांडण हिंदीत करत राहिली.

संधिवात त्यांना दोन्ही हातांत होता, पण उजवा जास्त बिघडला. बोटांच्या मुळांशी गाठी आल्या आणि हळूहळू चारही बोटं करंगळीच्या दिशेनं कलली. "बघ, सगळी एकदम निघालीत," त्या हात पुढं धरून म्हणायच्या. "बसस्टँडला चाललीत जणू." सकाळी उठल्यावर मुठी वळायच्या नाहीत. गरम पाण्यात हात बुडवून बसायचं, मग इन्स्टिट्यूटच्या इस्पितळात जाऊन मेणाचा शेक घ्यायचा. तिथल्या डॉक्टर वीणा नागपूरच्या होत्या. त्यांनी एक दिवस गोडीनं सांगितलं, "मावशी, आता बोटांना विश्रांती द्या. ऐकायचं. रेडिओ आहे, टेप आहे."

"विश्रांती तुम्ही गुडघ्यांना द्या," कांचनताई म्हणाल्या. "त्यांना काही वाजवता येत नाही."

पण उजव्या हातानं आता सरळ सप्तक चढत नव्हतं. मधलं बोट दोन पट्ट्या एकदम दाबायचं आणि सूर चिरडल्यासारखा यायचा. लीना घरी येऊन मला सांगायची, "मम्मी, मावशी आज फिर रुक गईं." एका सकाळी ती शिकवणीला गेली तर कांचनताईंनी बैठक बदललेली. उजव्या हातानं भाता आणि डावा हात पट्ट्यांवर. भात्याला नुसता तळवा टेकवून पुढं-मागं करायचं असतं, तेवढं उजव्याला जमत होतं. डाव्याची बोटं ताठरलेली होती, पण निदान सरळ होती.

पन्नाशी उलटल्यावर त्या पुन्हा पहिलीच्या वर्गात बसल्या. आयुष्यभर उजव्याचा अंगठा जिथून निघायचा तिथं आता डाव्याची करंगळी यायची. बुद्धी एक बोट सांगायची आणि हात दुसरंच टाकायचा. श्रीपादराव आतून कणीक मळता मळता विचारायचे, "आज कुठला राग आहे?"

"कळत नाही का?"

"राग कळतोय. नाव कळत नाही."

"अहो, लोक म्हणतात डाव्या हाताचा खेळ. एकदा खेळून बघा म्हणावं."

त्या दिवसांत माझं अर्धं लक्ष सतत दाराकडं असायचं. अतिरेक्यांनी बसमधून माणसं उतरवून मारल्याच्या बातम्या यायच्या. कोपऱ्यावर वाळूच्या पोत्यांआड शिपाई उभे असायचे. ट्रान्झिस्टरमध्ये बॉम्ब निघाल्यापासून टीव्हीवर रोज सांगायचे, बेवारस वस्तूला हात लावू नका. लीनाला मागच्या गल्लीत जायचं तरी मी गच्चीवर उभी राहून ती सबनीसांच्या फाटकात शिरेपर्यंत बघायची. एकदा शहरात काहीतरी झाल्याचं कळलं आणि मी तिला दोन दिवस घरीच ठेवलं. तिसऱ्या दिवशी कांचनताई स्वतः आल्या, दोन्ही हात शालीत गुंडाळून.

"विनया, मुलीला ताप आहे का?"

"ताप नाही हो ताई. पण वातावरण बघताय ना."

"बघतेय. इंदिराबाईंच्या वेळेपासून बघतेय. रोज बघतेय म्हणून रोज वाजवतेय. पाठव तिला."

मी पाठवलं, आणि पुन्हा गच्चीवर जाऊन उभी राहिले.

त्या हिवाळ्यात महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाची बैठक आमच्याकडे होती. दर वर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये सगळे जमत. तिळगूळ, हळदीकुंकू आणि तासभर गाणं, त्याला कांचनताईंची पेटी. मंडळाचे चिटणीस दिगंबर खांबेटे सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि बैठकीतही फाईल घेऊन बसत. ते म्हणाले की अंधाराच्या आत सगळ्यांना घरी पोचवायचं, तेव्हा कार्यक्रम दुपारी ठेवू. ते सगळ्यांना पटलं. मी चहा दिला. कांचनताईंनी कप उचलला आणि तो त्यांच्या बोटांतून निसटून सतरंजीवर पडला.

 खांबेट्यांनी फाईल बाजूला सरकवली आणि म्हणाले, "वहिनी, एक सुचवू का? यंदा आपण टेप लावू. माझ्याकडे नाट्यपदांच्या उत्तम कॅसेट आहेत."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही पुढच्या खुर्चीत बसायचं. मानानं."

"मानाला काय झालंय माझ्या? हात दुखतात."

सगळे हसले, खांबेटेही हसले, पण त्यांनी मुद्दा सोडला नाही. त्यांना कुठूनतरी कळलं होतं. "डाव्या हातानं वाजवता म्हणे. देवाचं पद डाव्या हातानं? माझ्या आईला हे चालणार नाही, सांगून ठेवतो."

"आईंना सांगा, भाता उजव्यानं मारते. देवाला वारा उजव्या हातचाच जातो."

शेवटी तोडगा निघाला तो असा. कांचनताई वाजवतील, लीना गाईल. स्टेजवर टेपरेकॉर्डर तयार ठेवायचा. मध्ये कुठं अडलं, थांबलं, तर पुढचं टेपवर. खांबेट्यांनी ते फाईलमध्ये लिहूनही घेतलं. जाताना दारात कांचनताई मला म्हणाल्या, "एकदा ते यंत्र लागलं ना विनया, की दर वर्षी तेच लागेल." एवढंच बोलल्या. पण मला कळलं की या रविवारी त्यांचं काय पणाला लागलं आहे.

त्या रविवारी धुकं दुपारपर्यंत उठलं नाही. मी तिळगुळाच्या ताटल्या भरायला लीनाला घेऊन लवकर हॉलवर गेले. आम्ही मागच्या खोलीत असताना बाहेर गलका झाला. आमच्यातला विश्राम नावाचा एक मुलगा महिन्यापूर्वीच अकोल्याहून बँकेत बदलून आला होता. त्याला व्हरांड्यात एका पोलीस ठाणेदारानं धरलं होतं. स्टेजच्या दाराशी एक नवा कोरा लाकडी खोका ठेवलेला होता. चौकीदाराला तो कुणाचा हे माहीत नव्हतं, म्हणून त्यानं नाक्यावरून पोलीस बोलावले होते. सव्वीस जानेवारी जवळ आलेली, पोलीस आधीच तापलेले.

"ये क्या है?" ठाणेदारानं विचारलं.

विश्रामनं हार्मोनियमचा आकार ओळखला. "पेटी है जी."

"पेटी तो मुझे भी दिख रही है. इसके अंदर क्या है?"

"अंदर? पेटी."

"पेटी के अंदर पेटी?"

"हाँ जी. पक्का."

"और उसके अंदर?"

विश्राम जरा विचारात पडला. "हवा," तो म्हणाला.

ठाणेदाराला वाटलं हा पोरगा आपली टर उडवतोय. "किसकी है?"

"मालूम नहीं जी."

पाच मिनिटांत आम्ही सगळे तिळगुळाच्या ताटल्यांसकट मैदानात होतो. दोन शिपायांनी नाक्यावरची वाळूची पोती आणून खोक्याभोवती लावली. मी पुढं होऊन सांगितलं की ते बहुतेक हार्मोनियम आहे. "शायद?" ठाणेदार म्हणाला. "आपने रखते देखा?" मी पाहिलं नव्हतं. कांचनताईंची पेटी जुन्या निळ्या खोळीत असायची, हा खोका मी कधी पाहिलेला नव्हता. मी लीनाचं मनगट धरलं आणि मागं आले. हेडक्वार्टरहून बॉम्बवाले येईपर्यंत कोणी आत जायचं नाही, प्रोग्राम कॅन्सल समजा, असं ठाणेदारानं सांगितलं. खांबेटे म्हणाले, "चला, तिळगूळ इथंच वाटून टाकू आणि सुखरूप घरी जाऊ." माणसं ताटल्यांकडं वळलीसुद्धा.

तेवढ्यात ऑटो आली. त्यातून श्रीपादराव उतरले, मागून कांचनताई, शालीच्या आत गरम पाण्याची पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात.

"माझी पेटी पोत्यांत का घातलीय?" त्यांनी विचारलं.

मग उलगडा झाला. जुन्या खोळीची चेन त्यांना ओढता येत नव्हती म्हणून श्रीपादरावांनी सुताराकडून खोका करून घेतला होता. सकाळीच ते पेटी इथं ठेवून, चौकीदाराला सांगून, पत्नीला आणायला परत गेले होते. सकाळचा चौकीदार जेवायला गेला आणि दुसऱ्याला काहीच बोलला नाही. श्रीपादरावांनी हे सगळं ठाणेदाराला हात जोडून समजावलं. त्याचा चेहरा थोडा सैल झाला.

"वाजा है तो वाजा बोलना था ना," तो म्हणाला. "पेटी, पेटी. जाओ, खोलकर दिखाओ. एक ही आदमी जाएगा, बाकी सब पीछे."

"श्रीपादराव, तुम्ही जा," खांबेटे म्हणाले. "वहिनींच्यानं कडी निघायची नाही. नवीन आहे." आणि मग हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "कडी निघत नाही तिथं पुढचं काय."

श्रीपादराव निघाले होते. कांचनताईंनी गरम पिशवी त्यांच्या हातात दिली. "धरा. थंड होऊ देऊ नका." आणि ठाणेदाराला म्हणाल्या, "मेरी है. मैं खोलूँगी."

त्या पोती ओलांडून खोक्यापाशी बसल्या. पितळी कड्या दोन होत्या, सुतारानं घट्ट बसवलेल्या. पहिलीवर त्यांनी डावा अंगठा टेकवला आणि दाबला. अंगठा घसरला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. मैदानात एवढी शांतता होती की पितळेवर नख घासल्याचा आवाज येत होता. श्रीपादराव पिशवी छातीशी धरून उभे होते आणि जागचे हलले नाहीत. त्यांना बायको माहीत होती.

लीना माझ्या हाताला हिसका देत होती. "मम्मी, छोड़ो ना. उनसे नहीं खुलेगा. मैं खोल देती हूँ."

मी तिला सोडलं नाही. त्या खोक्यात पेटीच आहे हे मला आता पक्कं ठाऊक होतं, तरी माझी मूठ सुटत नव्हती.

कांचनताईंनी आमच्याकडं न बघता म्हटलं, "कुणी यायचं नाही. लीना, तूही नाही." मग त्यांनी अंबाड्यातला आकडा तळव्यांमध्ये धरून ओढून काढला. केस पाठीवर सुटले. आकडा कडीच्या फटीत घातला आणि मनगटानं त्यावर भार दिला. बोटांचा त्यात संबंधच ठेवला नाही. कडी टक्कन उडाली. ठाणेदार दचकून एक पाऊल मागं गेला. दुसरी कडी लवकर निघाली. झाकण त्यांनी कोपरानं वर केलं, आतल्या पेटीचा भाता सोडवला, उजवा तळवा भात्याला लावला आणि डाव्या हातानं भूप सुरू केला. पाचच सुरांचा राग, सावकाश, एकेका सुरावर पाय रोवत.

"बस जी, हो गया," ठाणेदार म्हणाला. "तसल्ली हो गई."

"मेरी नहीं हुई," त्या म्हणाल्या आणि बंदिश पुरी होईपर्यंत थांबल्या नाहीत. ठाणेदार टोपी सारखी करत उभा राहिला. शिपायांनी पोती उचलायला घेतली.

आम्ही आत गेलो. खांबेट्यांनी स्टेजवर टेपरेकॉर्डर मांडलेलाच होता. त्यांच्या आई पहिल्या रांगेत होत्या. लीना माझ्याकडून कुंकू लावून घेऊन कांचनताईंच्या शेजारी बसली. पहिलं पद बरं झालं. दोनदा बोट चुकलं, ते मला कळलं आणि बहुतेकांना नाही. दुसरं पद चढं होतं. अंतऱ्याला लीना वर गेली आणि तिच्या मागं जाता जाता कांचनताईंचा डावा हात जागीच आवळला. चारही बोटं पट्ट्यांच्या वर अधांतरी राहिली. कडीनं आपली किंमत वसूल केली होती. पेटी बंद पडली, लीनाही गप्प झाली आणि घाबरून माझ्याकडं बघायला लागली. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. खांबेटे उठले, वाईट हेतूनं नव्हे, बाईंची शोभा होऊ नये म्हणूनच, आणि त्यांचा हात टेपच्या बटणाकडं गेला.

"खांबेटे, हात खाली," कांचनताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "लीना, थांबायला कुणी सांगितलं? म्हण."

"मावशी, आपका हाथ..."

"माझा हात मी बघते. तू तुझा गळा बघ."

त्यांनी भाता पुन्हा चालू केला आणि आवळलेल्या मुठीच्या एका सांध्यानं षड्ज दाबून धरला. नुसता एक 'सा'. तंबोऱ्यासारखा तो मागं भरून राहिला. लीनानं श्वास घेतला आणि अंतरा परत उचलला. तिचा आवाज आधी हलला, मग बसला. आख्खा अंतरा ती त्या एका सुरावर गायली. तिच्या पाठीमागं पेटीच्या नेहमीच्या हरकती नव्हत्या, आधाराला दुसरा सूर नव्हता. तिनं मध्ये एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. मग ध्रुवपदावर येताना डाव्या हाताचं एक बोट सुटलं, पाठोपाठ दुसरं. कांचनताईंनी दोन बोटांत जमेल तेवढं तिला साथीला घेतलं आणि समेवर दोघी एकत्र आल्या. टेपचं बटण कुणी दाबलं नाही.

तिसरं पदही झालं, दोन बोटांवरच. खांबेट्यांच्या आईंनी हळदीकुंकवाच्या वेळी कांचनताईंचा डावा हात आपल्या हातात घेऊन पाहिला. मग त्यावर तिळगूळ ठेवला. कांचनताईंनीही तो डाव्याच हातानं तोंडात टाकला.

निघताना खांबेटे जवळ आले. "वहिनी, झालं चांगलं. पण तुमचे हाल मला बघवत नाहीत. पुढच्या वर्षी आपण कुणीतरी वाजवणारा शोधू."

"शोधा की," त्या म्हणाल्या. "सापडेपर्यंत मी आहे. आणि सापडला तर आधी माझ्याकडं पाठवा. कसा वाजवतो ऐकते, मग ठरवते."

बाहेर अंधारायला आलं होतं आणि मला घाई होती. विश्राम धरून आम्ही पाचजण दोन ऑटोंत वाटून बसलो. लीनानं हट्टानं कांचनताईंच्या ऑटोत जागा धरली, म्हणून मीही तिथंच दाटून बसले. श्रीपादराव पुढच्या ऑटोत पेटी ठेवायला लागले तेव्हा कांचनताईंनी त्यांना थांबवलं. "इकडं द्या. आता ती एकटी कुठं जाणार नाही." खोका त्यांच्या मांडीवर आला. दोन्ही हात त्यावरून आडवे टाकून त्यांनी तो धरला. उजव्या हाताच्या गाठी लाल झालेल्या होत्या आणि डावा हात अजून पुरता उघडत नव्हता.

"ताई, मी घेते थोडा वेळ," मी म्हटलं. "दुखत असेल."

"दुखतंय," त्या म्हणाल्या. "सांग ऑटोवाल्याला, चालव म्हणावं. उद्या सकाळी लीनाला जरा लवकर पाठव, त्या अंतऱ्याला बोटं कुठं अडकतात ते बघायचंय."